वर्ग आधी रिकामा हवा

ठमीला यंदा बालवर्गात घालायचं की अजून एक वर्ष घरीच ठेवायचं, यावर तिच्या आईबाबांचं घोडं अडलं होतं. ठमी पाच वर्षांची, ऑटिझम असलेली. बोलणं मोजकं, गलका झाला की कानांवर हात, आणि अनोळखी माणूस जवळ आला की रडून घर डोक्यावर घ्यायची. आई म्हणे, पुढच्या वर्षी बघू. बाबा म्हणे, पुढच्या वर्षी काय जादू होणार आहे? डॉक्टर म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. घ्या! असल्या सल्ल्याचं काय लोणचं घालायचं?

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. दुरुस्त केलेली लिफ्ट आधी रिकामी चालवून बघायची, मग माणसं चढवायची, हा त्याच्या कामाचा नियम. तोच त्याने पोरीला लावला. लिफ्टवाल्याच्या डोक्यात दुसरं काय येणार! शाळेच्या बाईंना गळ घालून तो रोज शाळा सुटल्यावर ठमीला रिकाम्या वर्गात नेऊ लागला. ठमी खूश. खिडकीजवळची पिवळी खुर्ची तिने आपली करून टाकली. बाबाची कॉलर ताठ झाली, आणि आईलाही वाटू लागलं, आपण उगाच बाऊ केला.

मग बाईंनी तिघांनाही भर वर्गात बोलावलं. जागा एकच उरली होती. हो की नाही, ते आजच सांगायचं होतं.

दार उघडलं आणि ठमी जागीच थिजली. आत वीसेक पोरं, पिवळ्या खुर्चीवर तर एक जण उभाच. शाळा म्हणजे रिकामी खोली, असंच तिला शिकवलेलं; ही गर्दी कुठून उपटली? बाबाच्या तोंडचं पाणी पळालं. आईने मनात नकार तयार केला, आणि खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं.

पण ठमी रडली नाही. एका हाताने कान दाबून ती खुर्चीवरच्या मुलाकडे गेली आणि त्याला बाहीला धरून व्हरांड्यात नेऊन सोडलं. परत आली, दुसऱ्याला नेलं. आई पुढे झाली तसा बाईंनी तिचा हात धरला. हे कुठवर जातंय ते आता दोघींनाही बघायचं होतं. पोरांना हा खेळच वाटला. आपला नंबर कधी लागतो म्हणून सगळी पोरं रांगेत उभी राहिली. शेवटी ठमीने बाईंनाही बोट धरून बाहेर काढलं.

वर्ग रिकामा झाल्यावर ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. बाहेर सगळे दाराशी दाटीवाटीने उभे.

"माझंच चुकलं," बाबा पुटपुटला. "मी तिला माणसांशिवायची शाळा शिकवली."

ठमी शेजारच्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठून दाराशी आली, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि गुडघ्यावर पट्टी लावलेल्या एका शेंबड्या पोरीची बाही धरली. तिला आत नेऊन शेजारी बसवलं. ती पोरगी पाय हलवू लागली. ठमीने जरा वेळ बघितलं आणि तीही हलवू लागली.

आईला रडू आवरेना. बाईंनी हळूच विचारलं, यंदा की पुढच्या वर्षी?

"यंदाच," आई म्हणाली. "पण थांबा हो जरा, आता कुणाला आत घेते ते बघू दे."