फुटाणे आणि ताम्रपट

पंचवीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवून मी एवढंच शिकलो, की सरकारला फक्त जावक क्रमांक असलेला इतिहास कळतो. बाकीचा घडलाच नाही म्हणा ना!

माझंच बघा. त्र्याहत्तर साली मला स्वातंत्र्यसैनिक म्हणून ताम्रपट मिळाला. बेचाळीसच्या ऑगस्टात मी निघालो होतो सिनेमाला. इतवारीच्या बाजारात एकाएकी लाठीमार सुरू झाला. कोपऱ्यावर फुटाणे विकणारी तुळसाबाई चळवळीची पत्रकं टोपलीत फुटाण्यांखाली दडवत होती. मला म्हणाली, "पळू नको गा, बस इथंच, फुटाणे खा." मी पळालो. पोलिसांनी पळणारे तेवढे धरले.

सहा महिन्यांनी सुटलो तर दारात हार घेऊन माणसं उभी! आता त्यांना सिनेमाचं काय सांगणार? पुढे मी तुरुंगातल्या आठवणी लिहिल्या. त्यात रोज कोठडीतून सूर्योदय दिसतो. खिडकी पश्चिमेला होती. समीक्षकांना गहिवरून आलं, पण दिशा एकानंही विचारली नाही.

ताम्रपटाची बातमी ऐकून तुळसाबाई धरमपेठेत माझ्या घरी आली. "मास्तर, मलेही तो तांब्याचा पत्रा पायजे. सून म्हणते, बुढी थापा मारून राहिली."

अडचण एवढीच, की ती कधी पकडलीच गेली नव्हती. काम चोख केलं, म्हणून पुरावा नाही. मात्र तुरुंगात गेलेल्या माणसाचा दाखला चालत होता. कचेरीतले मनोहरराव म्हणाले, "दोन ओळी लिहा ना प्रोफेसरसाहेब. बाईंनी माझ्यासोबत काम केलं. बस्स, झालं!"

पण माझ्यातला इतिहासकार नेमका तेव्हाच जागा झाला. जन्मभर झोपला होता मेला! मी चार पानं खरंखुरं लिहिलं; सिनेमा, फुटाणे, माझी धूम, सगळं. इतकं हलकं वाटलं, की स्वतःचीच पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. दाखला देणारी व्यक्ती तिच्याच म्हणण्यानुसार चळवळीत नव्हती, सबब दाखला अग्राह्य, अर्ज नामंजूर.

मी चिडून ताम्रपट मनोहररावांच्या टेबलावर आपटला. "मग हा परत घ्या!"

"असं कसं? रेकॉर्डला तुम्ही सैनिक आहात," ते शांतपणे म्हणाले. "आणि परत घ्यायचा फॉर्म नाही आपल्याकडे."

तिथून इतवारीत गेलो. तुळसाबाई त्याच कोपऱ्यावर बसली होती. तिला उत्तर वाचून दाखवलं. लाज वाटत होती, तरी म्हणालोच, "बाई, मी खरं तेच लिहिलं."

"खरं लिहून तुमाले बरं वाटलं असन," ती म्हणाली. "मले काय भेटलं? आता सुनेले काय सांगू?"

तिनं पुडीत फुटाणे भरले, माझ्या हातात दिले.

"तवाही म्या बसा म्हटलं, तं तुम्ही पळाले. आताही तुम्ही पळालेच, मास्तर."