खराब माल गेला कुठे?

मार्तंडरावांची बायको कुंदा गेली ती मुख्य धमनी फाटून. त्याआधी डॉक्टरांनी तिच्या कातडीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला होता. त्याचे दोन अहवाल मार्तंडरावांच्या हाती आले आणि दोन्हींचा मेळ बसेना. पहिला म्हणत होता, धमनी बळकट ठेवणाऱ्या एका जीनच्या दोन प्रतींपैकी एकीत मध्येच 'थांबा' अशी चुकीची खूण आहे. दुसरा म्हणत होता, त्या जीनवरून निघालेले निरोप, म्हणजे आरएनए, निर्दोष आहेत. फक्त नेहमीच्या निम्मेच.

मुलुंडच्या कारखान्यात मार्तंडरावांनी जन्मभर माल तपासला होता. साच्यात खोट असली की खराब माल निघणारच. त्याला लाल रंग फासायचा आणि तपासनिसाने बघेपर्यंत भंगारात टाकायचा नाही. इथे खोट होती, पण खराब माल कुठेच नव्हता. म्हणजे लॅबने नमुने बदलले आणि आता झाकपाक चालली आहे.

खोट मुलीत, गंधालीत उतरली असेल, तर तिची धमनी वेळीच सांभाळता येणार होती. डॉक्टर रक्त तपासा म्हणून मागे लागले होते. मार्तंडरावांनीच तिला अडवून धरलं होतं.

"आईचा नमुना ज्यांना सांभाळता आला नाही, त्यांच्या हाती तुझं रक्त द्यायचं?"

"बाबा, भांडण तुझं आहे. छाती माझी आहे ना?"

शेवटी दोघं घाटकोपरच्या त्या लॅबमध्ये गेली. तिथल्या संशोधक रुचिराला मार्तंडरावांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही घोळ केलात. ती चिडली नाही. म्हणाली, पेशीतही तपासनीस असतो. मध्येच तुटणारा निरोप दिसला की पेशी तो लगेच नष्ट करते, कुणाला दाखवायला ठेवत नाही. म्हणून उरतात ते निम्मे, चांगले.

"हे सांगायला सोपं आहे," मार्तंडराव म्हणाले.

शंका रुचिरालाही आली होती. म्हणून तिने त्याच पेशींना हे नष्ट करणं काही तास रोखणारं औषध दिलं होतं. तेव्हा खराब निरोप दिसले, नेमकी तीच खूण असलेले.

"पेशी कुणाच्या?"

"कुंदाताईंच्याच. अजून वाढतायत, काका."

मार्तंडराव दाखव म्हणाले. काचेपलीकडे पेशी वाढवायच्या गुलाबी पाण्याची चपटी बाटली होती. तिच्यावरचं कुंदाचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

गंधालीने बाही वर केली. मार्तंडराव रक्त घ्यायला आलेल्या नर्सच्या खांद्यापाशी जाऊन उभे राहिले.

"आधी नळीवर नाव लिहा," ते म्हणाले. "माझ्यासमोर."