रोशनीच्या गुडघ्याशी धरलेला ओळंबा

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसतो ना, तशी मांडी घाला. एक गोष्ट सांगतो. ती माझीच आहे, पण सांगताना जीव जड होतो.

मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला टांगलेलं पितळी वजन. भिंत सरळ चढते की नाही, ते गवंडी मला सोडून बघतात. माझे धनी आटगावचे बारकू गवंडी. म्हसा गावात आम्ही एक देऊळ बांधलं. तिथल्या सप्ताहात खुंटीवर लटकून मी रोज हरिनाम ऐकलं. "बारकूच्या ओळंब्यात खोट नाय," लोक म्हणायचे, आणि मी आपला फुगायचो.

बारकूंची लेक रोशनी शहापूरला बॅले शिकायची. टाचेला टाच लावून पंजे बाहेर वळवायचे, असा तो नाच. मुंबईच्या एका मोठ्या नृत्यशाळेसाठी मुलींची निवड होणार होती. पंजे एका रेषेत यायला हवेत, एवढंच बारकूंच्या कानावर आलं. मग काय, रोज संध्याकाळी ओटीवर खडूची रेघ. रोशनी त्यावर उभी राहायची, ते पंजे दाबून रेघेवर आणायचे आणि मला तिच्या पाठीमागे सोडायचे. पाठ सरळ असायची. मी तेवढंच सांगायचो. गुडघ्यापाशी मला कुणी धरलंच नाही.

"बाबा, दुखतंय."

"सोस गो थोडं. कोपरा काटकोनात आणायलाबी जोर लागतोच."

"मी काय कोपरा हाय?" ती हसायची. हसता हसता डोळे पुसायची.

निवडीआधी मुलींचे पाय तपासायला त्या नृत्यशाळेच्या दीप्ती मॅडम शहापूरच्या वर्गात आल्या. त्यांनी ओळंबा मागितला. बारकूंनी ऐटीत मला पुढे केलं. "घ्या मॅडम. ह्यो खोटं बोलायचा नाय."

मॅडमनी रोशनीला पंजे वळवून उभं केलं, गुडघे वाकवायला सांगितले आणि गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध माझी दोरी धरली. मी अंगठ्याशेजारच्या बोटावर यायला हवा होतो. मी आलो अंगठ्याच्याही आत, जमिनीवर. मित्रांनो, तेव्हा एकदाच खोटं बोलावंसं वाटलं. पण वजन खालीच जातं.

"पाय खुब्यातून जेवढा वळतो, तेवढाच पंजा वळवायचा," मॅडम हळू बोलल्या. "हिचा गुडघा पिळलाय. वर्षभर नाच बंद. कुणी दाबले पाय?"

"मीच, मॅडम," रोशनी म्हणाली.

यादीतून तिचं नाव गेलं. पुढल्या वर्षी वय बसणार नव्हतं.

बाहेर पायरीवर बारकू तिला चपला घालायला खाली बसले. त्यांना पट्टा लावता येईना.

"खोटं का बोललीस गो?"

"तुमी सगळ्यांसमोर रडला असतात ना."

भिंत तिरकी गेली तर पाडून पुन्हा उभारता येते, मित्रांनो. लेकराचा गुडघा तसा नसतो. दुखतंय म्हटलं की थांबा. आणि सांजेला देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या रोशनीची एकदा आठवण काढा.