तीन हिसके

स्टिपानने खिडकीत चौथी उशी दाबून बसवली, तिच्यावर आडवी चिकटपट्टी मारली आणि मागे सरून पाहिलं. कडेने अजून बोटभर उजेड आत येत होता. त्याने अंगातला स्वेटर काढून त्या फटीत कोंबला. उशी सुटली, तिच्या वजनाने दुसरी सुटली, आणि सकाळचं ऊन पुन्हा सबंध पलंगावर पसरलं.

हॉटेलच्या नवव्या मजल्यावरची ही खोली ब्रॉनविनने निवडली होती. गावाकडून आलेल्या नातेवाइकांची सोय लावणं हे रुग्णालयात तिचं काम होतं. या खिडकीतून समोरच्या रुग्णालयाचा चौथा मजला दिसायचा, आणि डावीकडून सहावी खिडकी त्याच्या बायकोची, नेवेन्काची होती. ब्रॉनविनने ती मुद्दाम बोट लावून दाखवली होती. त्या गोष्टीचं स्टिपानला बरं वाटलं होतं. पण तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रस्त्यावरचे दिवे विझायचेच नाहीत, आणि ते विझेपर्यंत सूर्य यायचा.

तो एकाहत्तर वर्षांचा होता. त्रेचाळीस वर्षं तो कूबर पीडीत टेकडीच्या पोटात कोरलेल्या घरात राहिला होता. बाहेर पंचेचाळीस अंश असो की चार, आत तेवीसच. दिवा मालवला की मूठ मिटल्यासारखा अंधार. या देशात पाय ठेवला त्याच दिवशी एका ट्रकमध्ये बसून तो उत्तरेला ओपल या रत्नाच्या खाणींकडे गेला होता. त्यामुळे ॲडलेड हे शहर तो आता पहिल्यांदा पाहत होता, आणि तेही विमानातून नेवेन्काला इथे हलवावं लागलं म्हणून.

तो वॉर्डात शिरला तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. चार दिवसांत तिचा पिवळा रंग आणखी गडद झाला होता.

"डोळे बघ तुझे. ससा दिसतोस."

"झोपलो होतो की."

"कुठे? उभ्याउभ्या?"

तो खुर्चीत बसला. डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले होते, फार तर तीन.  ते गेल्यावर नेवेन्का म्हणाली होती, "शेवटी तू इथे अस. बाकी मला काही नको." त्याने मान हलवली होती. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नव्हता.

ती काहीतरी सांगत होती, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, आणि त्याची मान छातीवर पडली.

बाहीला तीन हिसके बसले. तो दचकून अर्धा उठला, हात डोक्यावर, दोरी शोधत. नेवेन्का हसायला लागली, आणि हसताना खोकायला लागली.

"खाण सोडून तीस वर्षं झाली, तरी उठतोस," ती म्हणाली.

त्याने तिच्या बाहीला एक हिसका दिला. एक म्हणजे समजलं. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे वर. खालून आले तर मला वर ओढ, वरून आले तर काम टाक आणि वर ये. वीस मीटर खोल खड्ड्यात हाक पोचत नाही. म्हणून बादलीच्या दोरासोबत ही बारीक दोरी असायची. खाली तो खणायचा आणि वर नेवेन्का रहाट चालवायची. एकच नियम होता. खाली माणूस असेल तोवर वरच्याने जागा सोडायची नाही. एकदा धुळीचं वादळ आलं, सगळे आपापल्या घरात पळाले, आणि ती ओला फडका तोंडाला बांधून रहाटापाशी बसून राहिली. गावातले म्हणायचे, स्टिपानने बायको केली नाही, घोरपड केली.

"बाबा, तुम्ही आजारी पडलात तर पलंग नाही आमच्याकडे," रात्रपाळी संपवून निघालेली नर्स म्हणाली. रुटेंडो तिचं नाव. झिम्बाब्वेची होती आणि म्हाताऱ्या माणसांना बाबाच म्हणायची. "ब्रॉनविनला बोलावलंय मी. जागा बदलून घ्या."

ब्रॉनविन यादी घेऊन आली. पहिल्यांदाच शहरात येणाऱ्यांसाठी ती यादी केली होती आणि प्रत्येक जागेपुढे तिने स्वतः शेरे लिहिले होते.

"ही समुद्राजवळची. ट्रामने अर्धा तास, पण सगळ्यांना फार आवडते. अंथरुणातून लाटा दिसतात."

"खिडकी केवढी आहे?"

"भिंतभर," ती अभिमानाने म्हणाली.

स्टिपानने मान हलवली.

"मग हे बघा, कुटुंबांसाठीचं घर. बाग आहे, छताला काच आहे, दिवसभर नुसतं ऊन."

"छतालासुद्धा?"

नेवेन्काने डोळे मिटून घेतले. "बाई, त्याला तळघर द्या. चाळीस वर्षं घूस पाळलीय मी."

ब्रॉनविनने यादी उलटली. सगळ्यांत खालच्या ओळीपुढे शेरा नव्हता. "मागच्या गल्लीत डेसचं जुनं लॉज आहे. तळघरात एक खोली आहे त्याची. पण तिथे मी कुणाला पाठवत नाही. खिडकीच नाही तिला."

"तीच दाखवा," स्टिपान म्हणाला.

तो पावलं मोजत गेला. हॉटेलपासून वॉर्डाच्या दारापर्यंत दोनशे दहा पावलं होती, लॉजपासून तीनशे साठ. डेस त्याच्याच वयाचा होता. अंगणातल्या अंजिराच्या झाडाखाली तो पेपर वाचत बसला होता. चौदा पायऱ्या उतरून डेसने जाड दार ढकललं. आत पलंग, टेबल, चुना लावलेली दगडी भिंत. स्टिपानने भिंतीवर तळवा ठेवला. गार होती, पण ओल नव्हती. त्याने दिवा मालवायला सांगितलं.

"खाली काहीच पोचत नाही, दोस्ता," अंधारातून डेसचा आवाज आला. "ट्राम नाही, पाखरं नाहीत, वरच्या मजल्यावरच्या नवराबायकोची भांडणंसुद्धा नाहीत."

"छान," स्टिपान म्हणाला.

संध्याकाळी त्याने नेवेन्काला तिच्या आवडीच्या क्रमाने सगळं सांगितलं. आधी भिंत, मग अंधार, मग अंतर.

"दीडशे पावलं जास्त पडतात."

"चालशील. पाय आहेत तुला."

"की आज इथेच बसू? खुर्ची बरी आहे."

"घोरतोस तू. त्या पलीकडच्या बाईने तक्रार केलीय." तिने त्याच्या कॉलरवरचा चिकटपट्टीचा तुकडा काढला. "जा, झोप. उद्या माणसासारखा ये. मी आहे वर."

निघताना ब्रॉनविनने फाइलमधला नंबर पुन्हा वाचून दाखवला. फोन गावातल्या शेजाऱ्याचा, कोस्टाचा होता. शहरात लागेल म्हणून त्याने प्रवासापुरता दिला होता. घरी स्टिपानचा फोन भिंतीवर होता, टेकडीतून ओढून आणलेल्या तारेचा, आणि तो वाजला की सगळ्या खोल्या घुमायच्या. हा बिनतारी फोन त्याने तळघरात नेला, कोस्टाने शिकवलं तसा चार्जिंगला लावला, आवाज अगदी शेवटपर्यंत वाढवला आणि कानापासून वीतभर अंतरावर ठेवला. मग दिवा मालवला.

जाग आली तेव्हा क्षणभर त्याला वाटलं, आपण घरीच आहोत. त्याने शेजारी हात टाकला. मग दिवा लावला आणि घड्याळ पाहिलं. आठला दहा कमी. इतकं सलग तो कित्येक महिन्यांत झोपला नव्हता. तोंड धुतलं, दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला.

चौदाव्या पायरीवर पाय ठेवला आणि खिशातल्या फोनने लागोपाठ चार वेळा टिंग केलं. चार्जिंग पूर्ण झालं असावं असं त्याला वाटलं.

"कसं काय, राजे? काल आलेला म्हातारा कुठे गेला?" डेस म्हणाला. त्याने झाडाची दोन अंजिरं तोडून पुढे केली. "बायकोला दे."

तीनशे साठ पावलं. वॉर्डाच्या दाराशी रुटेंडो उभी होती. तिची रात्रपाळी सातला संपायची. तिने अंगावर कोट चढवला होता आणि पिशवी खांद्याला होती, तरी ती उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "आम्ही फोन करत होतो."

स्टिपानने अंजिरं डाव्या हातात घेतली आणि फोन काढून तिला दाखवला. "चालू होता. आवाज मोठा होता. कानाशी होता."

तिने पडद्यावर पाहिलं. "तुम्ही तळघरात होतात?"

"हो."

"खाली रेंज येत नाही, बाबा," ती अगदी हळू म्हणाली.

त्याने फोन परत घेतला आणि पुन्हा एकदा पाहिला.

"पाच वीसला गेल्या. आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. पत्ता शोधून माणूस पाठवला तोवर..." तिने वाक्य सोडून दिलं. "त्याने वरचं दार वाजवलं. कुणी उघडलं नाही."

नेवेन्काच्या अंगावर चादर नीट ओढलेली होती. केस कुणीतरी विंचरले होते. पलीकडच्या बाईच्या भोवती पडदा होता. उशाशी नर्सला बोलवायची दोरी लोंबत होती, लाल गाठीची.

"त्रास झाला?"

"फार नाही. मी होते, बाबा. एकट्या नव्हत्या." रुटेंडोने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "फक्त हातावर ताबा राहिला नव्हता त्यांचा. ही दोरी धरली होती, ती ओढत होत्या सारख्या. तीन वेळा ओढायच्या, थांबायच्या, परत तीन वेळा. आम्ही धावत यायचो. काय हवंय विचारलं की म्हणायच्या, काही नको. आणि पुन्हा ओढायच्या. मी हळूच सोडवायला गेले, तर सोडेनात. त्या वेळी होतं असं, हात आपोआप हलतात."

"किती वेळ?"

"पाचपासून. वीस मिनिटं असेल."

स्टिपान खुर्चीत बसला. अंजिरं त्याने चादरीवर तिच्या हाताजवळ ठेवली. ती गडगडू लागली, तेव्हा चादरीला एक घडी पाडून तिच्यात बसवली.

"मी थोडा वेळ बाहेर थांबते," रुटेंडो म्हणाली.

ती गेल्यावर त्याने हात वर नेला, लाल गाठ मुठीत धरली आणि दोरीला एक हिसका दिला.

दारावरचा दिवा लागला. बाहेर चपलांचा आवाज झाला आणि रुटेंडो धावत आत आली.

"काय हवंय, बाबा?"

"काही नको," तो म्हणाला. दोरी त्याने सोडली नव्हती.