अर्थिंगची तार

हाराधनने रेकॉर्ड-प्लेयरच्या सुईच्या दांड्यावर बोट टेकवलं आणि स्पीकरमधली घुंऽऽ एकदम थांबली. बोट उचललं, पुन्हा सुरू.

"अर्थिंगची तार आतल्या आत तुटलीय, मासिमा. हात लागला की माणसाचं अंगच अर्थिंगचं काम करतं."

"ठाऊक आहे," मासिमा, म्हणजे नीलिमा सरखेल, म्हणाल्या. "आमचे हे सबंध रेकॉर्डभर तिथे बोट लावून उभे राहायचे. तू ऐक, म्हणायचे. मिस्तरीला बोलवा म्हटलं, तर म्हणत, मिस्तरी म्हणजे चांगल्या वस्तूचा यम!"

हाराधनला ते झोंबलं. चांदनी बाजारात रेडिओ-प्लेयर दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं काढलेला मिस्तरी तो. मेलेल्या गिऱ्हाइकाचा टोमणाही त्याला पचत नसे. पण सरखेलबाबूंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि मासिमांनी चहा फक्कड केला होता. त्याने चहाचा एक घोट घेतला.

मासिमांनी एसराजची, गजाने वाजवायच्या त्या तंतुवाद्याची, एक रेकॉर्ड लावली आणि त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. घुंऽऽसकट एसराज वाजू लागला. हाराधनने दोन्ही हातांनी कप उचलला.

घुं थांबली.

त्याने कप खाली ठेवला. प्लग पाहिला, वायरी हलवून पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. दांड्याजवळ कुणीही नव्हतं.

"पाहिलंत?" मासिमा हळूच म्हणाल्या. "रोज दुपारी हेच. शेवटी शेवटी उजवा खांदा पार धरला होता त्यांचा. भाताचा घास तोंडापर्यंत जात नसे, मी भरवायची. आणि आता वीस-वीस मिनिटं हात धरून उभे! बसा म्हटलं तर ऐकतील तर शपथ."

"मासिमा, तार बसवली तर मग..."

"मग कदाचित यायचेही नाहीत." त्या म्हणाल्या. "न येवोत. पण तो खांदा मला बघवत नाही हो."

हाराधनने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. दांड्याकडे नेलेला हात मध्येच अडला. शेवटी तो पुटपुटला, "दादा, जरा हात काढता? काम करायचंय."

घुंऽऽ लगेच सुरू झाली.

त्याने घाईघाईने प्लेयर बंद केला. दोऱ्याला बांधून केसासारख्या पाच नव्या तारा दांड्याच्या पोकळ नळीतून ओढून घेतल्या. पाचवी, काळी, अर्थिंगची. तिच्या एका टोकाला त्याला तीनदा कथलाचा डाग द्यावा लागला.

चारच्या सुमाराला रेकॉर्ड पुन्हा फिरू लागली. घुं नाही. नुसता एसराज, स्वच्छ. दोघंही दांड्याकडे बघत राहिले. आता तिथे कुणाचा हात लागला तरी थांबायला घुंच उरली नव्हती.

"गेले वाटतं," मासिमा म्हणाल्या आणि पदर तोंडाशी नेला.

हाराधनची कंबर धरली होती. बसावं म्हणून त्याने भिंतीजवळची वेताची खुर्ची ओढली. एका हाताने उचलावी अशी हलकी खुर्ची, पण ती जागची हलेना. त्याने पुन्हा ओढून पाहिली. मग हात काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरला.

मासिमा त्याच्याकडेच बघत होत्या.

"बसले?" त्यांनी विचारलं.

"बसले," हाराधन म्हणाला, आणि स्वतः जमिनीवर टेकला.