बरणीच्या तळाच्या गोळ्या

मित्रांनो, काकू जाऊन तीन आठवडे झाले, त्या दिवशी काकांनी मला धुवायला म्हणून वर्तमानपत्रावर उपडी केली. मी एक जुनी काचेची बरणी आहे. आधी तुतीची वाळलेली पाने पडली, मग साखरेच्या आजाराच्या गोळ्या. काकांनी त्या मोजल्या. एक्केचाळीस होत्या. ते तिथेच फरशीवर बसले.

पूर्वी माझ्यात बटणे असत. मग परसातल्या तुतीची पाने आली. जेवणानंतरची साखर या पानांनी जरा कमी चढते, असे काकांनी कुठेतरी वाचले होते. त्यातला ‘जरा’ ते विसरले. ते घड्याळे दुरुस्त करतात. पानांचा काढाही रोज ठरल्या मिनिटाला देत.

“शेळी करून ठेवलंय मला,” काकू म्हणायच्या. “आता दावणीला बांधा.”

“बांधतो. आधी कप रिकामा कर.”

एका तपासणीत साखर कमी आली. “बघ, पानांनी केलं,” काका म्हणाले. गोळ्या तेव्हा चालूच होत्या, पण त्यांचे नाव कुणी घेतले नाही. काकूंनी त्या दिवसापासून गोळी सोडली. मुलगी परिचारिका, आली की रिकामी पाकिटे बघायची. म्हणून काकू पाकिटातून गोळी काढत. पण औषध फेकवत नसे. मग ती गोळी त्या माझ्या पानांत खोल खुपसत. मला तर कपाटात पुढची जागा होती, काका रोज पुसत. मी फुशारले होते. मग एक दिवस साखर बेसुमार चढली आणि काकू गेल्या. आज त्या फुशारकीची लाज वाटते.

त्या दिवशी मुलीनेही वर्तमानपत्रावरच्या गोळ्या पाहिल्या. “बाबा, पानं वाईट नाहीत हो. पण गोळीच्या जागी नाहीत.”

“तिच्या डोक्यात मीच भरवलं होतं ते,” काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी डबा घेऊन आल्या. त्यांनाही साखरेचाच आजार.

“भाऊजी, थोडी पानं द्या. तुमचं ऐकून मीसुद्धा गोळ्या बंद केल्या. छान वाटतंय.”

काकांनी तोंड उघडले. पण खरे सांगायला गेले असते, तर काकूंचे सगळेच सांगावे लागले असते. “पानं संपलीत,” एवढेच ते म्हणाले.

मित्रांनो, पाल्याचा काढा प्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. तुम्हाला मी सांगू शकते. वहिनींना काकांनीच सांगायला हवे. त्या येऊन गेल्या, त्याला आज चौथा दिवस आहे. त्यांनी अजून सांगितलेले नाही.