हज्जा बोलतेय

आमच्या विद्यापीठाच्या डायलिसिस प्रशिक्षण वर्गात मशीन एकच, तेही एका इस्पितळाने टाकून दिलेलं. त्याचा दाब मोजणारा सेन्सर बिघडला होता. रक्त अंगात परत सोडणाऱ्या, म्हणजे परतीच्या नळीतला दाब कमी झाला म्हणून ते दर दहा मिनिटांनी उगाच बोंबलायचं. नळीत मिठाचं पाणी होतं आणि समोर माणसाऐवजी रबरी हात, म्हणून कुणाला काही वाटायचं नाही. मुलींनी त्याचं नाव हज्जा ठेवलं. जॉर्डनमधल्या आमच्या करकमध्ये कुठल्याही म्हातारीला हज्जाच म्हणतात, मग ती मक्केला गेलेली असो वा नसो. "हज्जा बोलतेय, बोलू दे," म्हणायचं, आवाज बंद करायचा, 'पुन्हा सुरू'चं बटण दाबायचं आणि पुढचा धडा घ्यायचा. मीही तेच म्हणायचे.

त्या सेन्सरसाठी मी तीन वर्षं अर्ज करत होते. उत्तर दरवर्षी एकच: 'उपलब्ध साधनांत कार्यक्रम चालू ठेवावा.' आमचे डीन भले गृहस्थ, पण निधीचं नाव काढलं की त्यांना लगेच कॉफी आठवायची. "हे बघ रुदैना, मशीन बंद ठेवलंस तर वर्गच बंद करतील. मुलींना नोकऱ्या लागतायत ना? मग झालं तर!"

नोकऱ्या लागत होत्या खऱ्या. म्हणून मी गप्प बसले.

मग माझ्या थोरल्या भावाची, घस्सानची, मूत्रपिंडं गेली. एका मंगळवारी त्याच्या डायलिसिसच्या वेळी मी इस्पितळात त्याच्याजवळ बसायला गेले, तर सुया टोचायला हनीन आली. गेल्या वर्षीची माझीच विद्यार्थिनी.

"ही तुझीच ना? टोचताना तुझ्यासारखीच श्वास धरते," घस्सान म्हणाला. "मला वाटलं, आता हीच आधी बेशुद्ध पडते."

"गप पड, हलू नकोस," मी म्हटलं.

त्याला थंडी वाजत होती. हनीनने त्याच्या अंगावर गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढलं, हातावरूनही. सुयांचा हात उघडा ठेवायचा असतो, हे मी वर्गात तोंडाने सांगितलं होतं. पण रबरी हाताला कधी थंडी वाजत नाही, म्हणून ते करून दाखवायची वेळच आली नव्हती. आणि त्या दिवशी ते माझ्याही लक्षात आलं नाही.

घस्सानचा डोळा लागला. थोड्या वेळाने मशीन ओरडलं.

हनीन शेजारच्या खाटेवरून आली आणि न बघताच तिने दोन्ही बटणं दाबली. "घाबरू नका मिस, हज्जा बोलतेय."

मला हसू आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं.

मशीन शांत झालं. पुन्हा सुरू केलं की त्या वेळी जो दाब असेल तोच ते बरोबर धरून चालतं. मी पाय जवळ घेतला तर चप्पल फरशीला चिकटली. खाली पाहिलं. ब्लँकेटच्या टोकातून रक्त ठिबकत होतं.

मी ब्लँकेट फेकलं. परतीची सुई निसटली होती, आणि मशीन माझ्या भावाला गादीत रिकामा करत होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पंप बंद कर! हनीन, पंप!"

तो वाचला. त्याला रक्त चढवत होते तेव्हा हनीन बाहेर भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. "मिस, शिकले तसंच केलं हो मी," ती म्हणाली. तिला झापायचं सोडून मी फोन बाहेर काढला.

माझ्या हाताखालून शिकलेल्या एकतीस मुली इर्बिदपासून अकाबापर्यंत कुठल्या ना कुठल्या वॉर्डात उभ्या होत्या. मी पहिला नंबर लावला, सौसनचा.

"मिस! किती दिवसांनी!" तिने लगेच उचलला. "ड्युटीवरच आहे, पण बोला ना." तिच्यामागे एक मशीन ओरडायला लागलं.

"सौसन, ऐक, आधी पेशंटचा हात बघ..."

"एक मिनिट हं मिस," ती हसली. "हज्जा बोलतेय."

मागचा आवाज थांबला.